न उघडलेली एअरबॅग मेलेली नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघाताच्या बातमीत एक वाक्य आता ठरल्यासारखं येतं, ‘एअरबॅग उघडल्याने चालक बचावला’. वाचून बरं वाटतं. मी सत्तावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. तुर्भे नाक्याजवळ माझं छोटं गॅरेज आहे. एअरबॅगने माणूस कसा वाचतो ते मी चेपून आलेल्या गाड्यांवरून बघत आलोय, तेव्हा तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण जी एअरबॅग उघडलीच नाही, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. ती त्या चेपलेल्या गाडीत तशीच बसून असते आणि मदतीला धावलेला माणूस नेमका तिच्यासमोर छाती घालून आत वाकतो. त्या माणसासाठी हे पत्र लिहितोय.

सायन-पनवेल हायवेवर रात्री गाडी ठोकली की क्रेनवाले मला फोन करतात. आताच्या गाड्या नुसता हूक लावून ओढता येत नाहीत. गिअर पार्किंगमध्ये अडकलेला असतो, हँडब्रेक बटणावरचा असतो, दरवाजे लॉक होऊन बसतात, बॅटरी कुठे आहे तेच सापडत नाही. म्हणून वायरिंगवाला लागतो. अग्निशमन दलाची गाडी किंवा १०८ ची अँब्युलन्स पोहोचण्याआधी आम्ही तिथे असतो असं कितीतरी वेळा झालंय. आमच्याही आधी असतात ते टँकरवाले, रिक्षावाले, पानटपरीवरची पोरं. पहिला हात त्यांचाच लागतो.

गेल्या पावसाळ्यात, दहीहंडीच्या आदल्या रात्री, दोनच्या सुमाराला असाच फोन आला. नेरूळ सोडून उरण फाट्याकडे जाताना कडेला एक डंपर बंद पडून उभा होता. मागे ना लाइट, ना झाडाची फांदी लावलेली. एक गाडी मागून थेट त्याच्या खाली घुसली होती. माझा भाचा माझ्यासोबत होता. चोवीस वर्षांचा, सहा वर्षं माझ्याच हाताखाली काम शिकतोय. आम्ही पोहोचलो तेव्हा सात-आठ माणसं जमली होती. अग्निशमन दलाला फोन गेला होता, गाडी निघाली होती.

ती गाडी अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. खालचा बंपर जवळपास शाबूत, नंबरप्लेट वाचता येत होती आणि बॉनेटपासून काचेपर्यंतचा सगळा भाग डंपरच्या हौद्याखाली दाबला गेलेला. चालक शुद्धीवर होता. ‘पाय अडकलाय, पाय अडकलाय’ एवढंच म्हणत होता. एकही एअरबॅग उघडलेली नव्हती.

भाच्याने आत डोकावून बघितलं आणि मला म्हणाला, ‘मामा, बॅगा फुटल्याच नाय. बंद असतील.’ मीही तसंच धरून चाललो. एवढा मोठा ठोका बसूनही फुटल्या नाहीत, म्हणजे सिस्टीम खराब असणार. संपादक महोदय, सत्तावीस वर्षं या कामात काढलेल्या माणसाचं हे अनुमान होतं आणि ते साफ चुकीचं होतं. एअरबॅगचे पुढचे सेन्सर साधारणपणे बंपरच्या मागच्या चौकटीच्या आसपास असतात. गाडी ट्रकच्या खाली घुसली की ठोका त्या चौकटीला बसतच नाही, वरच्या वर बॉनेट आणि काचेवर बसतो. गाडी झटक्यात थांबण्याऐवजी चेपत चेपत थांबते. बॅग फोडायची की नाही ते ठरवणारा डबा, म्हणजे कंट्रोल युनिट, त्याला बॅग फोडण्याइतका झटका जाणवत नाही. सिस्टीम खराब नसते. ती पूर्ण जिवंत असते, फक्त तिला हुकूम मिळालेला नसतो.

भाचा डाव्या दारातून आत वाकला. चालकाचा बेल्ट लॉक होऊन छातीत रुतला होता, तो कापायचा होता. त्याचा डावा हात डॅशबोर्डवर टेकलेला, छाती डॅशबोर्डच्या वर. तेवढ्यात उजव्या बाजूने दोघांनी डॅशबोर्डखाली पहार घातली आणि वर रेटायला लागले, म्हणजे पाय सुटेल. भली माणसं होती, पावसात भिजत राबत होती. किल्ली चालूच होती. स्टीरिओच्या पडद्यावर गाण्याचं नाव दिसत होतं. ती किल्ली बंद करावी असं तिथल्या एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी पाठीमागे डिकी उघडायच्या खटपटीत होतो.

ट्रकचा टायर फुटावा तसा आवाज झाला. डाव्या बाजूची बॅग उघडली होती. डॅशबोर्डचं झाकण भाच्याच्या मनगटाला लागलं आणि तो मागे छतावर आपटून सीटवर पडला. मनगटाची दोन्ही हाडं मोडली, जबड्याला चीर गेली, डाव्या कानाचा पडदा फाटला. सगळ्या गाडीत पांढरा धूर भरला. बाहेरचं कुणीतरी ओरडलं, ‘पेटली! पेटली!’ आणि चार हात चालकाच्या खांद्याला धरून त्याला खेचायला लागले. त्याचा पाय अजून आतच अडकलेला. मी ओरडून ओरडून त्यांना थांबवलं. ते पाच सेकंद मी विसरू शकत नाही.

तो धूर आगीचा नव्हता. बॅग घडीत नीट राहावी म्हणून तिला मक्याचं पीठ किंवा टाल्कसारखी भुकटी लावलेली असते, तीच उडते. सोबत फुगवणाऱ्या रसायनाचा थोडा धूर आणि राख असते. वास जळकट येतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकऱ्याला जास्त त्रास होतो. उघडलेली बॅग चाचपली असेल तर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये. एवढंच. पण त्या पांढऱ्या ढगाला आग समजून मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या माणसाला ओढून काढण्यात त्याचं आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं. ज्वाळा दिसल्या तर गोष्ट वेगळी.

थोड्या वेळात अग्निशमन दलाचे जवान आले. त्यांच्या प्रमुखाने गाडीजवळ येऊन पहिला प्रश्न विचारला, ‘इग्निशन कुणी बंद केलंय का?’ मी मान खाली घातली. त्यांनी अर्ध्या तासात तो पाय सोडवला. चालक वाचला, आज काठी घेऊन का होईना चालतो. भाच्याचं मनगट जुळलंय, पण डाव्या कानाने त्याला अजून नीट ऐकू येत नाही.

पंचनामा झाल्यावर ती गाडी माझ्याच गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. मी डॅशबोर्ड उतरवून वायरिंग हातात घेतलं. एअरबॅगच्या वायरींना बहुतेक गाड्यांत पिवळं कव्हर असतं, पिवळे कनेक्टर असतात. त्या पिवळ्या कव्हरवर पहारीचा दात उमटला होता. आतल्या दोन तारांपैकी एकीचं रबर सोलून ती शेजारच्या चालू वायरला चिकटलेली आणि दुसरी पत्र्यात दाबली गेलेली. बॅटरीचा करंट थेट बॅगेत गेला होता. त्यात कंट्रोल युनिटचा काही संबंधच नव्हता.

बॅग फुटायला लागतं किती थोडं, ते सांगितलं तर वाचकांना पटणार नाही. आतमध्ये फटाक्याच्या वातीसारखा एक इग्निटर असतो. त्याचा रेझिस्टन्स साधारण दोन ओहम. सव्वा अँपिअरच्या आसपास करंट सेकंदाच्या हजार भागांपैकी दोन भाग एवढाच वेळ मिळाला की तो पेटतो. आमच्यापैकी कितीतरी जण टेस्ट लॅम्पला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावून फिरतात. तो बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. म्हणजे पिवळ्या वायरीला कुणी सहज तो लॅम्प लावून ‘करंट येतो का’ बघितलं तर बॅग तोंडावर फुटू शकते. सगळ्या वायरिंगवाल्या भावांना माझं सांगणं आहे, पिवळ्या वायरीला टेस्ट लॅम्प नाही, मीटरही नाही, कटर तर नाहीच. त्या कनेक्टरच्या आत एक बारीक पितळी पट्टी असते. कनेक्टर सुटला की ती दोन्ही पिना आपसात जोडून टाकते, म्हणजे चुकून करंट आला तरी बॅग उडू नये. वायर कापली की ती पट्टी निकामी. मी स्वतः हे फार उशिरा शिकलो.

एकदा पेटली की बॅग सेकंदाच्या हजार भागांपैकी ३० ते ४० भागांत पूर्ण फुगते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तिचं कापड ताशी ३०० किलोमीटरच्या घरातल्या वेगाने पुढे येतं. बेल्ट लावून, टेकून, हातभर लांब बसलेल्या माणसासाठी ती बनवलेली आहे. तिच्यावर छाती टेकवून वाकलेल्या माणसासाठी बनवलेली नाही.

आता बॅटरीबद्दल. माझ्या धंद्यातले लोक म्हणतात, बॅटरीची वायर काढली की संपलं. तसं नाही. ठोक्यात बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये करंट साठवून ठेवणारे कपॅसिटर असतात. वायर काढल्यावरही काही वेळ त्यांत पुरेशी ताकद राहते. कंपन्यांच्या वर्कशॉप पुस्तकांत लिहिलेलं असतं, बॅटरी काढून अमुक वेळ थांबा. कुणाची एक मिनिट, कुणाची दीड, कुणाची तीन मिनिटं, काही जुन्या गाड्यांची त्याहूनही जास्त. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन शहरात १९९५ साली अशाच सोडवणुकीच्या कामात एअरबॅग उघडून अग्निशामक जवान जखमी झाले होते, आणि तेव्हापासून जगभरच्या दलांनी हा विषय मनावर घेतला. त्याला आता तीस वर्षं झाली. आपल्या नाक्यावर तो अजून पोहोचलेला नाही.

तरीही बॅटरी काढायचीच, कारण आमच्या बाबतीत झालं तसं चालू वायरीमुळे होणारं फुटणं त्याने टळतं. फक्त काढण्याआधी दहा सेकंद विचार करा. आधी किल्ली बंद. बटणावर चालू होणारी गाडी असेल तर तिची किल्ली खिशातून किंवा कप होल्डरमधून शोधून गाडीपासून लांब नेऊन ठेवा. पण त्याआधी काचा खाली घ्या, दरवाजे अनलॉक करा, सीट मोटरवर चालणारी असेल आणि जखमीला धक्का न लागता सरकत असेल तर मागे घ्या. बॅटरी निघाल्यावर यातलं काही हलणार नाही. मग दहाचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह सोडा, नंतर पॉझिटिव्ह, आणि वायर वळवून लांब ठेवा, नाहीतर ती परत जाऊन टेकते. पाना नसेल आणि कापावीच लागली तर दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाका. काही गाड्यांत बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असते, काहींत दोन असतात. आमच्याकडची पोरं डिकीत मोठा अँप्लिफायर बसवतात, त्याला वेगळा कपॅसिटर, कधी वेगळी बॅटरी. चार्जिंग सॉकेटला लावलेला पॉवर बँक किंवा जंप स्टार्टरसुद्धा उलटा करंट देऊ शकतो. जे काही लावलेलं दिसेल ते उपटून काढा. नारिंगी जाड वायर दिसली तर ती इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी. तिला आपण हात लावायचा नाही, ते प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं काम.

आणि अंतर. परदेशातल्या दलांत एक नियम शिकवतात, पाच-दहा-वीस. बाजूच्या बॅगेपासून पाच इंच, स्टिअरिंगच्या बॅगेपासून दहा इंच, डाव्या सीटसमोरच्या बॅगेपासून वीस इंच अंग लांब ठेवायचं. युरोपात त्याहून जास्त सांगतात, ३०-६०-९० सेंटिमीटर. रात्रीच्या पावसात कोण टेप काढून मोजणार? म्हणून मी आमच्या क्रेनवाल्यांना आपल्या मापात सांगतो. दारापासून मूठ, स्टिअरिंगपासून वीत, डॅशबोर्डपासून हात, आणि प्रत्येकाला वर चार बोटं. हे कमीत कमी. जागा मिळाली तर आणखी लांब. ‘मूठ, वीत, हात’ त्यांना पाठ झालंय. थांबायला वेळ नसतो हे मलाही कळतं, रक्त वाहत असताना तीन मिनिटं हात बांधून कोण उभं राहील? थांबू नका, पण त्या अंतराच्या बाहेरून काम करा. जखमीची मान धरायची असेल तर मागच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी धरा, समोरून वाकून नको. पाना, पहार, ऑक्सिजनचा सिलिंडर, अगदी मोबाइलसुद्धा डॅशबोर्डवर किंवा जखमीच्या मांडीवर ठेवू नका. बॅग उघडली तर ती वस्तू गोळीसारखी जाते, आणि जाते ती जखमीच्याच दिशेने.

उघडलेल्या बॅगेवरही भरवसा ठेवू नये. आताच्या बऱ्याच गाड्यांत दोन टप्प्यांचा इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणारं यंत्र, असतो. ठोका मध्यम असेल तर एकच टप्पा पेटतो, दुसरा तसाच राहतो. लोंबकळणारं पांढरं कापड बघून ‘ही तर गेली’ म्हणत लोक स्टिअरिंगला साखळी बांधून क्रेनने ओढतात. मी स्वतः अशी साखळी बांधायला मदत केलेली आहे, तीही एकदा नव्हे. आता करत नाही.

छताचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यात जीव जाऊ शकतो. पडद्यासारखी उलगडणारी बाजूची एअरबॅग छताच्या कडेत घडी करून ठेवलेली असते, आणि तिला फुगवणारी नळी कुठल्या तरी खांबात किंवा छताच्या पट्टीत लपलेली असते. कुठे, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. त्या नळीत दाबलेला वायू असतो. नवी मुंबईत कितीतरी गाड्या सीएनजीवर चालतात. पंपावर २०० बारचा दाब काय असतो ते रांगेत उभं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, गॅस भरताना आपण सगळ्यांना गाडीतून उतरवतो. खांबातल्या त्या छोट्या नळीत त्याहून जास्त दाब असू शकतो, आणि आपण बेधडक ग्राइंडर लावून तो खांब कापतो. कापण्याआधी खांबाचं प्लास्टिकचं अस्तर उपसून आत बघणं, एवढाच त्यावर उपाय आहे. टॉमी किंवा मोठा स्क्रूड्रायव्हर घालून दाबलं की अस्तर दहा-पंधरा सेकंदांत सुटतं. आत धातूची नळी किंवा पिवळी वायर दिसली की ती जागा सोडून चार बोटं वर किंवा खाली कापा. मधल्या खांबाच्या बुडाशी बेल्ट आवळणारं यंत्र असतं, त्यातही फटाक्यासारखी स्फोटक दारू भरलेली असते, म्हणून तिथेही तेच. अस्तरावर, सीटच्या कडेला, डॅशबोर्डवर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरं कोरलेली असतात. बॅटरी कुठे आहे ते सापडायला वेळ लागेल, पण ही अक्षरं टॉर्च मारला की दिसतात.

हे सगळं आत्ताच का लिहावंसं वाटलं? कारण गाड्या बदलल्या. माझ्या उमेदीच्या काळात एअरबॅगवाली गाडी म्हणजे मोठ्या साहेबांची गाडी. २०१९ च्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, नंतर शेजारच्या सीटचीही. नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरमधल्या चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा घराघरांत मागच्या सीटच्या बेल्टवर आणि सहा एअरबॅगांवर बोलणं झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी सुरू झाली, त्या डिसेंबरपासून तिचे तारे मिळायला लागले, आणि शोरूममध्ये लोक मायलेजआधी तारे विचारायला लागले. चांगलंच झालं. पण तारे मिळालेल्या बऱ्याच गाड्यांत आता सहा-सहा ठिकाणी दारू भरलेली आहे, आणि तशी गाडी उरण फाट्यावर आडवी झाली की पहिला हात घालणाऱ्या पोराला त्याची काही कल्पना नसते. त्याला ती दिली कुणी?

माझी मागणी मोठी नाही. युरोपात प्रत्येक मॉडेलचा एक कागद असतो, त्याला रेस्क्यू शीट म्हणतात. एकाच पानावर गाडीचं चित्र, बॅटरी कुठे, बॅगा कुठे, दाबाच्या नळ्या कुठे, कुठे कापायचं नाही, ते रंगांनी दाखवलेलं. जर्मनीत लोक तो चालकाच्या सन व्हायझरमागे ठेवतात. युरो एनकॅपने २०२० पासून हे कागद मोबाइलवर उपलब्ध करून दिले आहेत. माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांच्या व्हायझरमागे मला पीयूसीची पावती सापडते, टोलची पावती सापडते, असा कागद आजवर एकदाही सापडलेला नाही. गाडी विकताना शोरूमने ग्राहकाच्या हातात तो कागद मराठीत द्यावा. चित्र असलं की निम्मं काम होतं, लिहिता-वाचता न येणारा क्रेन हेल्परही ते समजू शकतो.

दुसरं, प्रशिक्षण. अग्निशमन दलाला ते मिळतं आणि मिळत राहावं. पण त्यांच्याआधी जे पोहोचतात ते क्रेनवाले, पंक्चरवाले, हायवेवरचे ढाबेवाले, टोल नाक्यावरची मुलं, वाहतूक पोलिसांचे वॉर्डन, यांना कुणी बोलावलेलं मी पाहिलं नाही. महापालिकेने किंवा आरटीओने क्रेनच्या परवान्याशी दोन तासांचा वर्ग जोडून दिला तर? एक भंगारातली गाडी आणि उघडून गेलेली एक बॅग समोर ठेवा आणि हात लावून दाखवा. पुस्तकाने हे कळत नाही. माझ्या भाच्याला मी सहा वर्षं शिकवलं आणि हेच राहून गेलं.

एक गैरसमज मात्र होऊ नये. हे वाचून कुणी मदतीला जायचं थांबलं तर मी पत्र लिहून पाप केलं असं होईल. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा रुग्णालयाने त्रास देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ कलम येऊन त्याला कायद्याचं बळ मिळालं. नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. तेव्हा जा, नक्की जा. जाऊन आधी किल्ली बंद करा, आणि ‘मूठ, वीत, हात’ लक्षात ठेवा. त्या रात्री पहार धरलेल्या दोघांपैकी एक टँकरवाला नंतर तीनदा रुग्णालयात आला. भाच्याच्या पायाशी बसून रडला, म्हणाला, माझ्यामुळे झालं. त्याच्यामुळे झालं नाही. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

आणि एक राहिलं, भंगाराचं. ठोकलेली गाडी शेवटी भंगारात जाते, तिच्यातल्या न उघडलेल्या बॅगा तशाच जातात. तिथे गॅस कटर चालतो. इन्फ्लेटर खूप तापला की आपोआप पेटतो. या विषयावर त्या धंद्यातल्या जाणकाराने लिहावं, मी फक्त नोंद करून ठेवतो.

त्या गाडीचा डॅशबोर्ड मालकाच्या परवानगीने मी ठेवून घेतलाय. पहारीचा दात बसलेली पिवळी वायर, फाटलेलं झाकण, रिकामी बॅग, सगळं टेबलावर मांडलंय. दर रविवारी सकाळी दहा ते बारा भाचा तिथे उभा राहून येईल त्याला दाखवतो. आत्तापर्यंत बावीस क्रेनवाले आणि वाशीच्या एका रिक्षा स्टँडवरची मंडळी येऊन गेली. पैसे घेत नाही. तुर्भे नाक्यावर कुणालाही विचारलं तर जागा सांगतील. भाच्याशी बोलताना त्याच्या उजव्या बाजूला उभे राहा, डाव्या बाजूने त्याला नीट ऐकू येत नाही.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
तुर्भे, नवी मुंबई